रस्त्याकडेचं गवत आणि निंदणारे हात

आषाढातली गोष्ट. अहेरीत आम्ही राहतो त्या गल्लीत पहिल्या दोन-तीन पावसांनंतर नालीच्या कडेने, कुंपणाच्या खाली, विजेच्या खांबाभोवती गवत गुडघ्यापर्यंत आलं. शाळा सुरू झाल्या होत्या, पोरं त्याच रस्त्याने जात होती, आणि एका घराच्या पायरीशी साप निघाला. त्या संध्याकाळी गल्लीतल्या चारजणांनी ठरवलं की यंदा निंदायला बाया लावायच्या नाहीत, फवारून टाकायचं. वर्गणी निघाली. माझेही शंभर रुपये त्यात होते. शेतावर फवारणी करणारा एक मुलगा पाठीवर पंप घेऊन आला आणि सकाळच्या दोन तासांत काम उरकून गेला. बाटलीत काय होतं ते मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक मावशी ओच्यात तरोट्याची कोवळी भाजी घेऊन दारात आली. दर पावसाळ्यात ती आणि तिची सून हीच गल्ली निंदायच्या. दोन दिवसांचं काम, रोख मजुरी, शिवाय गवताचा भारा बकऱ्यांना आणि वेचलेली भाजी घरी. यंदा तिला कुणी बोलावलंच नव्हतं, म्हणून भाजी तोडून चार पैसे होतात का ते पाहायला ती निघाली होती. भाजी कुठली, असं विचारलं तर म्हणाली, इथलीच, नालीकाठची. मी तिला थांबवलं, सांगितलं. तिने एक पान हातावर ठेवून माझ्यासमोर धरलं. "पान त हिरवंच हाये ना बाई. औषध मारलं असतं त जळलं नसतं का?" आणि मग थोडं थांबून, "तुमी यंदा आमाले बोलावलंच नाही."

दोन घरी तिने जुड्या दिल्या होत्या. आम्ही दोघी धावत गेलो. एका घरची परत मिळाली, दुसऱ्या घरी ती शिजून मुलांच्या डब्यात गेली होती. कुणाला काही झालं नाही. पण झालं असतं तर ते कशाने झालं हेही कळलं नसतं, कारण बाटलीचं नाव आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

बाईवरचे अत्याचार, पोटगी, जमिनीचा हक्क, दारू असे विषय घेऊन आपण या पानांवर भेटतो. रस्त्यावरचं गवत हा आपला विषय आहे का, असं काही मैत्रिणींना वाटेल. त्या सकाळपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. आता मात्र वाटतं की गवत काढायचं कसं, हा प्रश्न बाईची मजुरी, तिचं ताट आणि तिचं शरीर या तिन्हींशी जोडलेला आहे, आणि तो ठरवताना तिलाच कुणी विचारत नाही.

हिरवं पान का फसवतं

आधी त्या पानाबद्दल. आपल्याकडे सर्वांत जास्त वापरलं जाणारं तणनाशक म्हणजे ग्लायफोसेट. 1974 साली ते बाजारात आलं आणि आज अनेक कंपन्या ते निरनिराळ्या नावांनी विकतात. ते पानातून आत शिरतं, मुळापर्यंत जातं आणि झाडाची वाढ आतून थांबवतं. त्यामुळे फवारल्यावर चार-पाच दिवस, कधी त्याहून जास्त, पान हिरवंच दिसतं. पिवळं पडतं ते नंतर. मावशीचा अनुभव कापसावरच्या आणि धानावरच्या औषधांचा होता. तिची समजूत अज्ञानातून आलेली नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

या औषधाला भारतात नोंदणी मिळाली ती चहाच्या मळ्यांसाठी आणि बिगर-पीक जमिनीसाठी. बिगर-पीक म्हणजे जिथे पीक घेतलं जात नाही ती जागा: रस्त्याची कड, बांध, नालीकाठ, मोकळं आवार. कागदावर हा शब्द फार निर्धोक वाटतो. पण तरोटा, कुंजर, पाथरी, घोळ, माठ, केना या भाज्या आपल्या बाया कुठून आणतात? याच बिगर-पीक जमिनीतून. ज्या घरात आषाढ-श्रावणात विकतची भाजी परवडत नाही, त्या घराची परसबाग म्हणजे रस्त्याची कड. बकरी चरते तीही तिथेच. नोंदणीच्या यादीत या पिकाला नाव नाही, कारण ते बाजारात जात नाही. ते बाईच्या ओच्यातून थेट चुलीवर जातं. बाईच्या कष्टांचं जे होतं तेच तिच्या भाजीचं झालं आहे. मोजलं नाही, म्हणून ते नाहीच असं धरलं गेलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च 2015 मध्ये ग्लायफोसेटची गणना माणसात कर्करोग होण्यास बहुधा कारणीभूत असणाऱ्या पदार्थांत केली. सर्व संस्थांचं यावर एकमत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने तसा धोका संभवत नाही असं म्हटलं. परंतु त्याच अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, शाळांच्या आवारात हे औषध फवारण्याची नोकरी करणारे ड्वेन जॉन्सन यांना कर्करोग झाला, ते कोर्टात गेले आणि ऑगस्ट 2018 मध्ये ज्यूरीने कंपनीला जबाबदार धरलं. त्यांनी शेतात नव्हे, मुलांच्या शाळेभोवतीच्या गवतावर फवारलं होतं. पंडितांचा वाद मिटेपर्यंत आपल्या गल्लीतल्या पोरांनी वाट का पाहावी?

आपल्या केंद्र सरकारनेही 21 ऑक्टोबर 2022 रोजी आदेश काढला की ग्लायफोसेटची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच करावी. उत्पादकांच्या संघटनेने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. केरळने तर 2019 मध्येच या औषधाच्या विक्रीवर बंदी आणली होती. आमच्या गल्लीत आलेल्या मुलाकडे ना परवाना होता, ना हातमोजे, ना तोंडाला फडकं. तोही कुणाचा तरी मुलगा आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडोंना दवाखान्यात दाखल करावं लागलं. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हेत. पण पंप तोच, पाठ तीच आणि उघडे हातही तेच. पंपासाठी पाणी वाहणारी आणि संध्याकाळी ते कपडे धुणारी बाईसुद्धा तीच. तिचं नाव विषबाधेच्या यादीत येत नाही.

आणखी एक गोष्ट सिमेंटच्या रस्त्याची. मातीवर पडलेलं औषध बरंचसं मातीला चिकटून राहतं. सिमेंटवर, फरशीवर, नालीच्या काठावर पडलेलं मात्र पहिल्या पावसाबरोबर वाहून जातं. आमच्याकडे नाली पुढे ओढ्याला मिळते, ओढा प्राणहितेला. शिवाय गवत मुळासकट मेलं की रस्त्याची कड उघडी पडते आणि आपल्याकडच्या जोरदार पावसात ती माती नालीत येऊन बसते. मग नाली उपसायला पुन्हा माणूस लावा. स्वस्त म्हणून केलेल्या कामाचा हा दुसरा खर्च आहे.

घरातली बाटली

एक मुद्दा आपल्या केंद्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मुद्दाम सांगावासा वाटतो. उरलेलं औषध परत जात नाही. ते कुणाच्या तरी घरात, फळीवर, कधी पाण्याच्या बाटलीत भरून राहतं. पॅराक्वाट नावाचं तणनाशकही आपल्याकडे विकलं जातं, आणि त्यावर उतारा नाही. ज्या घरात मारहाण आहे, दारू आहे, कोंडी आहे, त्या घरात हाताशी विष असणं म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. संतापाचा एक क्षण टळला तर बाई आपल्यापर्यंत पोचते, बोलते, जगते. श्रीलंकेने 1995पासून सर्वांत घातक कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली, 2008 ते 2011 या काळात पॅराक्वाटही हटवलं, आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण खूप खाली आलं. विष हाताशी नसलं तर माणसं वाचतात. गल्लीच्या सफाईसाठी आणलेली बाटली आपण या नजरेनेही पाहिली पाहिजे.

निंदण हे कुणाचं काम?

आता मजुरीकडे येऊ. शेतात असो की रस्त्यावर, निंदण हे बायांचं काम मानलं गेलं आहे. उकिडवं बसून, पाठ मोडून, दिवसभर. मजुरी मात्र पुरुषापेक्षा कमी, कारण काम 'हलकं'. तेच गवत मारायला पंप आला की ते काम पुरुषाचं होतं आणि त्याची मजुरी वाढते. 1976 साली समान वेतनाचा कायदा झाला, पुढे 2019च्या वेतन संहितेत तो सामावून घेतला गेला. कामाचं नावच बाईचं आणि पुरुषाचं असं वेगळं ठेवलं की कायद्याला वळसा घालता येतो, हे आपण वर्षानुवर्षं पाहतो आहोत.

विदर्भात तणनाशकाला चालणारं बेकायदेशीर कापसाचं बियाणं गावोगाव पोचलं आहे. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला. त्यांची बाजू अशी की निंदणाची मजुरी परवडत नाही, मजूर मिळत नाहीत. शेतकऱ्याची ओढाताण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण 'मजूर' म्हणजे कोण, हे त्या चर्चेत कुणी उच्चारलं का? परवडत नाही ती मजुरी भूमिहीन बाईची होती. पावसाळ्याचे दोन महिने, जेव्हा तेंदूचा हंगाम संपलेला असतो, मोहफूल संपलेलं असतं आणि धान कापणीला अवकाश असतो, तेव्हा तिच्या हातात येणारा तोच रोख पैसा. शेतातून तो गेला, आता गल्लीतूनही जातो आहे. आणि तो घालवणाऱ्यांत माझे शंभर रुपये होते.

पण इथेच आपण सावध राहायला हवं. बाईच्या हातात खुरपं असलंच पाहिजे, असं म्हणणं म्हणजे तिच्या कष्टांची पूजा बांधणं होईल. गाजरगवत उघड्या हातांनी उपटून किती बायांच्या हातांना, मानेला, डोळ्यांभोवती खाज आणि चट्टे उठतात ते पाहा. कुणाला दमा लागतो. 1955च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे गवत आज आमच्या जंगलातल्या रस्त्यांवरही आहे. गवतात साप असतो, तो चावतो तो निंदणारीलाच. आणि घराभोवती गवत माजू द्यावं असंही माझं म्हणणं नाही. सापाची भीती खोटी नाही. तुंबलेल्या नालीतल्या डासांची भीती तर आमच्या हिवतापाच्या जिल्ह्यात अजिबात खोटी नाही. फक्त हे लक्षात घ्यावं की डास होतो तो साचलेल्या पाण्यात. गवत मारून आणि पाणी तसंच ठेवून ताप जात नाही.

म्हणून मागणी अशी हवी: गवत काढा, विष न वापरता काढा, काढणारीला साधनं द्या आणि पुरते पैसे द्या.

कसं करता येईल

हे कठीण नाही. बायांना यातलं बरंच ठाऊक आहे, त्यांना विचारायचं तेवढं आहे.

पहिली गोष्ट वेळेची. आपण गवत गुडघ्याला लागेपर्यंत थांबतो आणि मग घाबरून औषध शोधतो. पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांत, माती ओली असताना, रोप हातभर व्हायच्या आत एक फेरी मारली तर ते मुळासकट निघतं. दुसरी फेरी फुलोऱ्याच्या आधी. गाजरगवताचं एक झाड हजारो बिया टाकतं. फुलं यायच्या आधी उपटलेलं झाड पुढच्या वर्षीचं काम कमी करतं, बी पडल्यावर उपटलेलं झाड फक्त जागा बदलतं. फुलं नसलेल्या गवताचं खतही करता येतं.

दुसरी गोष्ट निवडीची. सगळं हिरवं म्हणजे तण नव्हे. हरळी रस्त्याची कड धरून ठेवते, ती नुसती कापावी, उपटू नये. तरोटा तर गाजरगवताशी टक्कर देतो. जिथे तरोटा दाट उगवतो तिथे गाजरगवत मागे हटतं, आणि म्हणून त्याचं बी मुद्दाम टाकण्याची शिफारस केली जाते. म्हणजे आम्ही जे फवारून मारलं, ते मावशीची भाजीही होती आणि गाजरगवतावरचा पहाराही. मेक्सिकोहून 1984 साली बंगळूरला आणलेला एक लहान भुंगेरा गाजरगवताची पानं खातो. पावसाळ्यात तो आपल्याकडेही दिसतो. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने त्याच्या प्रसाराचं काम केलं आहे. फवारा मारला की त्याचं खाणंच संपतं.

तिसरी गोष्ट साधनांची. लांब दांड्याचं कोळपं असलं तर उभ्याने काम होतं, पाठ वाचते. जाड हातमोजे, पायात बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा. फरशीच्या फटींतल्या गवतावर उकळतं पाणी ओतलं तरी ते मरतं. मीठ मात्र टाकू नये, माती कायमची बिघडते. फटी बुजवल्या की काम निम्मं होतं. मोकळ्या पट्ट्यांसाठी गवत कापायचं यंत्र असतं. ते यंत्र आलं की ते पुरुषाच्याच हातात का जावं? शिकवलं तर बाई ते चालवते. शिवणयंत्र चालवते तशीच.

चौथी गोष्ट कामाच्या हक्काची. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत बांधली आणि 2008 साली त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम मिळवलं. ज्यांना लोक हटकत होते त्या बाया शहराच्या कामाच्या भागीदार झाल्या. मग अहेरी, आलापल्ली, चामोर्शी, सिरोंचा अशा गावांत निंदणाचं वर्षभराचं काम बचत गटाला किंवा मजूर बायांच्या गटाला का मिळू नये? जूनमध्ये एक फेरी, ऑगस्टमध्ये दुसरी, दिवाळीआधी तिसरी, मजुरी ठरलेली, हजेरी लिहिलेली.

हे स्वप्नरंजन आहे असं कुणी म्हणेल. फ्रान्सने कायदा करून जानेवारी 2017पासून सार्वजनिक बागा आणि पदपथांवर रासायनिक फवारणी थांबवली आणि 2019पासून घरच्या बागेसाठीही अशी औषधं विकणं बंद केलं. तिथले रस्ते ओस पडले नाहीत. लोकांना फटींतून डोकावणाऱ्या थोड्या हिरव्याची सवय करावी लागली, इतकंच. आपल्याला तर ती सवय आहेच. रस्ता तुळतुळीत, उघडा, एकही पान नसलेला असला म्हणजे स्वच्छ, ही कल्पना आपली नव्हती. ती अलीकडे आली.

कुणी ठरवायचं?

ग्रामपंचायतीची नगर पंचायत झाली की ग्रामसभा राहत नाही. आमची अहेरी आता नगर पंचायत आहे. 2011पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायांच्या आहेत. म्हणजे ज्या सभागृहात असे निर्णय होतात तिथे आपल्या निम्म्या आहेत. त्यांच्याकडे जाऊन चार साधे प्रश्न विचारता येतात. वस्तीत, शाळा-अंगणवाडीजवळ, विहिरी-हातपंपाजवळ फवारणी होते का? होत असेल तर कोणतं औषध, कुणाच्या हातून? फवारण्याआधी दवंडी आणि पाटी का नाही? आणि हेच काम बायांच्या गटाला का दिलं जात नाही?

बाटलीवरचा त्रिकोण वाचायलाही आपण शिकलं पाहिजे. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ नाही. बाकीच्या तिघांपेक्षा कमी विषारी, इतकाच. बचत गटाच्या बैठकीत अर्धा तास काढून रिकाम्या बाटल्या समोर ठेवून हे शिकवता येतं. याच जिल्ह्याने 1993 साली दारूबंदी मिळवली आणि त्यात बाया पुढे होत्या. बाटलीविरुद्ध उभं राहणं आपल्याला नवीन नाही.

आमच्या गल्लीपुरतं सांगायचं तर त्या प्रकारानंतर मी घरोघर फिरले. सगळे पटकन तयार झाले नाहीत. एका काकांनी विचारलं की बायांना दोन दिवसांची मजुरी द्यायची तर वर्गणी दुप्पट होते, ती कोण देणार? प्रश्न रास्त होता. शेवटी ठरलं ते असं: तीन फेऱ्या, ठरलेली मजुरी, हातमोजे आणि दोन लांब दांड्याची कोळपी वर्गणीतून, आणि ज्याला पैसे जड जातील त्याने आपल्या दारापुढचा पट्टा स्वतः काढायचा. 'स्वतः' म्हणजे घरातली बाई नव्हे, हेही मी मुद्दाम लिहून घेतलं. त्यावर थोडा हशा झाला, पण लिहिलं गेलं.

मावशीला बोलवायला मी गेले तेव्हा तिने आधी मजुरी विचारली. ऐकून म्हणाली, "पुरुषाची जेवढी, तेवढी?" मी हो म्हटलं. मग तिने सुनेला हाक मारली. निघताना एवढंच विचारलं, "यंदाची भाजी खायची का नाही मंग?" मी सांगितलं की यंदा नको, पुढच्या पावसाळ्यात. एक पावसाळा तिच्या ताटातून आम्ही काढून घेतला आहे, आणि त्याची भरपाई कुठल्याच वर्गणीत बसत नाही.

मैत्रिणींनो, आपापल्या गावात, वस्तीत, टोल्यावर या पावसाळ्यात काय फवारलं गेलं ते विचारून पाहा. गवत कोण काढायचं आणि आता त्या बाया काय करतात, हेही विचारा. उत्तरं आली की पुढच्या अंकात आपण ती एकत्र मांडू.